काही हितसंबंध?

बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तरी आणखी एखाद्यासाठी थांबतेच. त्या सकाळी रूपल राऊत मागच्या सीटवर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. कानाला फोन, आणि डोकं इतकं तापलेलं की वर चहाचं आधण ठेवलं असतं तर उकळलं असतं. शेवटच्या जागेत एक उंच तरुण घुसला. "सॉरी हं…" म्हणाला, नेमका तिच्या ओढणीवर बसला, पुन्हा "सॉरी" म्हणाला, आणि ओढणी सोडवून, घडी घालून तिच्या हातात दिली. घडी घालून! पण रूपलनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रडू नको गं जागृती," ती फोनवर सांगत होती. "तू घरी बसून फॉर्म भरलेस असं म्हणायची त्याची हिंमतच कशी झाली? त्या पुण्याच्या देवरेला म्हणावं, ये एकदा दांडीला, उन्हातान्हात घरोघर फीर, मग तोंड उघड. एसीत बसून आकडे चिवडायला काय जातंय?… हो, येतेच आहे मी. डोळे पूस आधी."

फोन पर्समध्ये गेला. रिक्षा सुटली. कारखान्यांची धुराडी मागे पडली.

"फारच वाईट माणूस दिसतोय," शेजारचा हळूच म्हणाला.

"कोण?"

"हे… देवरे."

खरं तर अनोळखी माणसाशी ऑफिसचं बोलू नये, हे काय रूपलला कळत नव्हतं? पण मन भरून आलं की ते कुठंतरी सांडणारच. "वाईट? अहो, माणूस आहे की यंत्र, तेच कळत नाही! दोन महिने झाले येऊन. फोन नाही, बोलणं नाही, नुसते मेल. मेलला ना नमस्कार ना चमत्कार. 'कृपया खुलासा करावा.' दर वेळी तेच! कृपया खुलासा करावा!"

"कसे दिसतात हो?"

"बघितलंय कोणी! पन्नाशीचा असणार. टक्कल. आणि बायको माहेरी गेलेली."

"कायमची?"

"असल्या माणसाची कायमचीच जाणार!"

तो हसला. अगदी मोकळं, खळखळून. तेव्हा कुठं रूपलनं मान वळवून पाहिलं… डोळे छान होते मेल्याचे. ती चटकन बाहेर बघायला लागली. बाहेर ताडाची झाडं होती, ती काही आज नव्यानं उगवली नव्हती, तरी ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

दांडीला दोघंही उतरले. वाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास होता. तरुणानं नाक आक्रसलं आणि लगेच सभ्यपणे सरळ केलं.

"कोणाकडे जायचंय तुम्हाला?" रूपलनं विचारलं. म्हटलं, बिचारा चुकायचा कुठंतरी.

"राऊत साहेबांना शोधतोय. आर. एच. राऊत. बोईसरच्या ऑफिसला कुलूप होतं, दारावर पाटी होती, 'दांडीला गेलो आहोत'."

रूपलच्या पायाखालची वाळू सरकली. "…साहेब?"

"मेलवरून तरी तसंच वाटतं. पन्नाशीचे असावेत. तापट. टक्कल असेल, नसेल…"

"तुम्ही…"

"कुशल देवरे." त्यानं हात जोडले. "केस आहेत अजून. आणि बायको माहेरी गेलेली नाही, कारण मुळात आलेलीच नाही."

काय झालं असेल तिचं! पण राऊतांच्या पोरी अशा गप्प बसत नाहीत. गाल तापलेले, तरी ती ताठ मानेनं म्हणाली, "आलात ते बरं झालं. चला. आता तुम्हीच खुलासा करा."

हा काय प्रकार होता ते सांगते. पालघरकडच्या बायकांच्या अंगात रक्त कमी का, त्या सदा थकलेल्या का असतात, याचा एक अभ्यास चालला होता. वाणगावच्या वाड्यांमधल्या बायका, बोईसरच्या चाळींतल्या बायका आणि दांडीच्या कोळणी. अभ्यास करणाऱ्या संस्था तीन. मुंबईचं एक मेडिकल कॉलेज रक्त तपासणार, नागपूरची संस्था आहाराचं बघणार आणि पुण्याची आकडेमोड करणार. तिघांची तोंडं तीन दिशांना, आणि तिघांची मोट बांधायचं काम एकट्या रूपलचं. पदाचं नाव 'समन्वयक'. ऐकायला भारदस्त, पण प्रत्यक्षात एका सुनेला तीन सासवा. मुंबईची तारीख जमली की नागपूरला कोणाचं तरी लग्न निघायचं, नागपूर जमलं की पुण्याची सही अडायची. रक्ताच्या नळ्या बर्फात घालून वेळेत पोचवायच्या, इंग्रजी प्रश्न मराठीत आणायचे, रुसलेल्या डॉक्टरांची समजूत काढायची, हे सगळं तिचं. अभ्यास छापून आला की नावं मात्र मोठ्या लोकांची. रूपलची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. वाणगावला वडिलांच्या मिरचीच्या वाडीत राबून बी टिकवून धरणारी माणसं तिनं लहानपणापासून पाहिली होती, आणि हे काम तिला तसलंच वाटायचं.

पण दांडी तिच्या जिवाला लागली होती. ज्या गावाची माहिती पक्की ठरेल, त्या गावात पुढच्या टप्प्यात दर महिन्याला डॉक्टर येणार होते. तपासणी, औषधं, सगळं. तिनं दांडीच्या बायकांना तसा शब्द दिला होता. त्या भरवशावर त्यांनी मासळी सोडून, उन्हातलं वाळवण सोडून सुया टोचून घेतल्या होत्या. आणि आता हा मेल! दांडीतल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी 'तुम्ही मांसाहार करता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हटलंय, मच्छीमारांच्या गावात हे शक्य नाही, माहिती विश्वासार्ह वाटत नाही, कृपया खुलासा करावा. नागपूरच्या डॉक्टर कमलाकांतांनी लगेच कळवलं, दांडी अभ्यासातून वगळा. माहिती गोळा केली होती दांडीच्याच जागृतीनं. म्हणजे ती पोर खोटारडी ठरली, आणि गाव गेलं ते गेलंच.

रूपलनं आपल्या परीनं उत्तर पाठवलं होतं, की मार्गशीर्ष होता, गुरुवारचे उपास असतील. पाठवताना ते तिलाही पटलं नव्हतं.

जागृती डोळे सुजवून ओट्यावर बसली होती. कुशल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. रूपलला वाटलं, आता हा हिची उलटतपासणी घेणार. पण तो म्हणाला, "जागृती, माझ्या मेलमुळे तुम्हाला त्रास झाला. मी आकड्यावर शंका घेतली होती, तुमच्यावर नाही. पण लिहिताना ते वेगळं काढून लिहिलं नाही. माफ करा."

जागृतीनं नुसती मान हलवली. रूपलनं मात्र मनातल्या मनात त्या टकलू देवरेला एक पायरी वर चढवलं.

मग सुरू झालं घरोघर फिरणं. सकाळी कुशल बोईसरहून यायचा, पँट दुमडून, डोक्याला रुमाल बांधून. वाळत घातलेल्या जवळ्यात पाय पडू नये म्हणून असा काही उड्या मारत चालायचा की पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसायच्या. घरोघर एकच उत्तर. हो हो, जागृती आलेली. बसलेली. सगळं विचारलेलं. आणि मांसाहार? नाय बा.

"तुला नवल नाही वाटलं?" रूपलनं जागृतीला विचारलं.

"कसलं नवल, ताई? आमी कुठं करतो मांसाहार?"

कुशल डोकं खाजवायचा. रूपलही. एक मात्र झालं, शिव्या घालायला आता कोणी उरलं नव्हतं. मग बोलायचं काय? दुसरं काहीतरी.

"तुमच्याकडे कशाची शेती?" ती.

"डाळिंबं. सटाण्याला. तुम्ही आलात तर मी तुम्हाला उड्या मारायला लावीन."

"मी कशाला येतेय सटाण्याला?"

"अभ्यास दौऱ्यावर," तो शांतपणे म्हणाला. "सटाण्याच्या माणसांचाही अभ्यास व्हायला हवा कधीतरी…"

काशीबाई म्हणजे दांडीचा कणा. सुकी मासळी विकून घर उभं केलेली बाई, गावातल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. तिच्या दारात पोचले तेव्हा टळटळीत दुपार झाली होती.

"या, जेवून जा. उन्हाचे कुठं फिरता?"

कुशल संकोचला. "मावशी, राहू दे… मी मांसाहार करत नाही."

"मग आमी कुठं करतो?" काशीबाईनं पाट मांडला. "बस निवांत."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि मांडी घालून बसला. काशीबाईनं तांदळाची भाकरी वाढली. मग वाडगा ठेवला, लालभडक कालवण, आणि त्यात दोन जाडजूड बोंबील ऐसपैस पहुडलेले.

कुशलनं वाडग्याकडे पाहिलं. मग रूपलकडे. मग पुन्हा वाडग्याकडे.

"मावशी… हे…?"

"म्हावरा हाय. ताजा बोंबील, आत्ताच आला. खा रे, मटनाचा तुकडा पन नाय त्याच्यात, देवाशपथ!"

मग रूपलनं कपाळावर असा हात मारला की काशीबाई दचकली.

"अगं बाई! मावशी, म्हावरा म्हणजे मांसाहार नाही?"

"म्हावरा कसा मांसाहार होईल? मांसाहार म्हंजे मटन, कोंबडी. पाव्हना आला तर, नायतर जत्रेला. म्हावरा तो म्हावरा!" काशीबाईला या शिकलेल्या पोरांची कीव आली. "तुमी जेवनाला जेवन म्हनता ना? तसा आमचा म्हावरा."

कुशल हसायला लागला. रूपलही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. पोरगी खोटी नव्हती, बायका खोट्या नव्हत्या. खोटा होता तो एक जाडजूड पुस्तकी शब्द, आणि तो शब्द मराठीत आणून बसवला होता तिनंच.

"काय झालं?" काशीबाई गोंधळली. "मीठ जास्त पडलं काय?"

शेवटी कुशलसाठी बटाटे उकडले. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं, बटाटेवाला पोरगा.

प्रकरण मात्र तिथंच संपत नव्हतं. मेल तिन्ही संस्थांना गेलेला. दांडीचं काय करायचं ते ठरवायला कोळगावला सगळ्यांची सभा भरणार होती. तोवर कुशल बोईसरच्या ऑफिसातच बसून काम करणार, असं त्यानं पुण्याला कळवलं. कारण काय दिलं कोण जाणे! एका टेबलाच्या दोन टोकांना दोघं, आणि मधे कागदांचा ढीग. आणि तरीही मेल यायचे.

'माननीय राऊत साहेब, आज केसांना तेल लावलं आहे. नोंद घ्यावी.'

रूपल ओठ दाबून हसू गिळायची आणि टाइप करायची, 'नोंद घेतली. वास इथपर्यंत येतोय.'

'काल रिक्षातून उतरल्यावर आपण मागे वळून पाहिलंत. कृपया खुलासा करावा.'

'छत्री राहिली का ते पाहत होते.'

'जानेवारीत?'

तिनं स्क्रीनवरून डोळे वर केले. समोर तो अगदी साळसूद चेहऱ्यानं आकडे बघत बसला होता. कान तेवढे लाल होते. त्या मेलला तिनं उत्तर दिलं नाही. दिवसभर मात्र जिथं तिथं चुका केल्या, नागपूरचं पाकीट मुंबईला घातलं आणि मुंबईचं पुण्याला. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं असं.

रूपल प्रेमात पडली होती. तिला ते कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. एकदा संध्याकाळी तो खिडकीशी उभा राहून कोणालातरी फोनवर सांगत होता, "नाही, इथली माणसं फार नीट काम करतात, आपणच नीट विचारत नाही…" तेव्हा ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि हातातला चहा गार झाला. आईनं वाणगावला स्थळांची बोलणी काढली की ती हल्ली चिडत नव्हती, नुसती उठून वाडीत निघून जायची.

सभेच्या आदल्या संध्याकाळी ती दांडीला गेली, काशीबाईला सगळं समजावून यायला. तो बरोबर होताच. परतताना दोघं किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी थांबले. समुद्र ओसरला होता. वारा तिची बट सारखी तोंडावर आणत होता आणि ती सारखी कानामागे सारत होती.

"उद्या तुम्ही बोला," ती म्हणाली. "शंका तुम्ही काढलीत, ती तुम्हीच मागे घेतलीत की कमलाकांत सरांना बोलायला जागा राहणार नाही. माझं कोण ऐकणार? मी तारखा जमवणारी बाई."

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोलाल."

"थट्टा नको. दांडी गेली ना, तर या बायकांना मी तोंड दाखवू शकणार नाही. तुमच्यावर आहे सगळं."

तो वाळूत बुटाच्या टोकानं रेघ ओढत राहिला.

"राऊत मॅडम… एक अडचण आहे."

"कसली?"

"म्हणजे… उद्या मी बोलणं कदाचित बरोबर होणार नाही. कारण मी…"

"अडचणी उद्यानंतर!" ती घाईघाईनं म्हणाली. तो काय म्हणणार याचा तिला अंदाज आला होता, आणि आज ते ऐकलं तर उद्या सभेत आपली धडगत नाही, हेही ठाऊक होतं. "सगळं उद्यानंतर बोला. चालेल?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बघतो."

कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या इमारतीतला एक हॉल रूपलनं खटपट करून मिळवला होता. मुंबईच्या डॉक्टर विजया अध्यक्ष होत्या. पिकल्या केसांच्या, करड्या आवाजाच्या, पण मनानं मऊ. नागपूरचे डॉक्टर कमलाकांत चष्मा पुसत बसले होते. पुण्याच्या बाजूनं कुशल. आणि रूपल कोपऱ्यातल्या खुर्चीत, टिपणं घ्यायला.

अशा सभांची एक रीत असते. कामाला हात घालण्याआधी अध्यक्ष प्रत्येकाला विचारतात, आज जे ठरणार आहे त्यात तुमचा काही हितसंबंध आहे का? कोणाचा भाऊ औषधाच्या कंपनीत असतो, कोणाचं आणखी काही असतं. ते उघड सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाहेर बसायचं, म्हणजे निर्णयावर बोट ठेवायला जागा राहत नाही. सहसा सगळे 'नाही' म्हणतात आणि चहा येतो.

"डॉक्टर कमलाकांत, काही हितसंबंध?"

"नाही."

"देवरे?"

कुशल उठून उभा राहिला. उठायची काही गरज नव्हती. "आहे, मॅडम."

डॉक्टर विजयांनी पेन खाली ठेवलं. "कसला?"

"दांडीची माहिती ज्यांच्या देखरेखीखाली गोळा झाली, त्या राऊत मॅडमविषयी… माझं मन तटस्थ नाही."

"किती नाही?"

"अजिबात नाही, मॅडम."

चहा घेऊन आलेला माणूस दारातच थांबला. कमलाकांतांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"त्यांना याची कल्पना आहे?"

"आत्ताच आली असावी," कुशल म्हणाला. "मी दांडीच्या बाजूनं बोललो आणि उद्या हे कोणाला कळलं, तर दांडी पुन्हा खोटी ठरेल. ते मला नको आहे. मी बाहेर बसतो."

आणि तो गेला. दार लोटलं गेलं.

रूपलला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटत होतं. अरे माणसा, आजच? इथंच? आता कोण बोलणार दांडीसाठी? आणि तरी तिला कळत होतं की तो बरोबर होता. प्रेम झाकून त्यानं दांडीची बाजू घेतली असती तर ती बाजूच लंगडी झाली असती. तिच्या दांडीसाठी त्यानं आपलं मन असं सगळ्यांपुढं ठेवलं होतं…

डॉक्टर विजयांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. समन्वयकाला हितसंबंध विचारायची रीत नाही. त्याला मत नसतं ना.

"मग पुण्याची बाजू कोण मांडणार?" कमलाकांत म्हणाले. "दांडी वगळायची असं धरून चालू."

"सर, मी बोलू?" रूपल उभी राहिली. "चूक माझी आहे. प्रश्न मराठीत मी आणला. 'मांसाहार' हा शब्द मी निवडला. दांडीत मासळीला कोणी मांसाहार म्हणत नाही."

"हे तुम्ही आज म्हणताय. पुरावा?"

तिनं फोन काढला. "दांडीच्या काशीबाईंना विचारते. त्यांना मी काल विचारून ठेवलंय, त्यांची हरकत नाही." फोन लागला. "मावशी, रूपल बोलतेय. सभेतली मोठी माणसं ऐकतायत हं. चालेल ना?"

"ऐकू दे. मी काय चोरी केलीय?"

"मावशी, तुम्ही मांसाहार करता का?"

"नाय गो बाय, आमी नाय करत."

"आज जेवलात काय?"

"बोंबलाचं कालवण, न् काल कोलंबी उरलेली ती. ये ना जेवायला!… न् काय गो, तो बटाटेवाला पोरगा हाय काय तिथं? त्याला बोल, तू आमच्या गावात आकडे बघायला येतो का रूपलला बघायला, ते एकदा ठरव बाबा!"

रूपलनं फोन बंद केला तेव्हा तिचे कान तापले होते. हॉलमध्ये कोणी हसायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सगळे हसत होते. कमलाकांतसुद्धा, मिशीतल्या मिशीत.

"एका बाईवरून काही ठरत नाही," ते मग म्हणाले, पण आवाज निवळला होता.

"नाहीच ठरत, सर. म्हणून गाव वगळू नका, एक प्रश्न परत विचारू द्या. मासे वेगळे, मटण वेगळं. जागृतीनं नाही विचारायचं, मीही नाही. वाणगावची माहिती गोळा करणारी मोनाली विचारेल, आकडे तुमच्या नागपूरला पाठवा. पुण्याचा आणि माझा त्यात हातच नको. या बायकांनी आपल्याला रक्त दिलंय, सर. आपण त्यांना एक धड शब्द तरी द्यायला हवा होता. तो मी दिला नाही. त्याची शिक्षा त्यांना नको."

ती बसली. कमलाकांत कागद चाळत राहिले, आणि शेवटी मान न उचलता म्हणाले, "मोनालीला लवकर पाठवा. पुढचा टप्पा दांडीसकट धरू."

डॉक्टर विजयांनी लिहून घेतलं. "दांडी राहिली. आता देवरेंना आत बोलवा," असं म्हणून त्या चष्म्यावरून रूपलकडे बघत थांबल्या. "थांबा. चहा होईपर्यंत सभा स्थगित. तुम्हीच जाऊन सांगा त्यांना. सावकाश या."

तो बाहेर पायऱ्यांवर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. समोरच्या मोकळ्या आवारात ऊन पसरलं होतं. तिची चाहूल लागताच तो धडपडत उठला.

"काय झालं?"

"राहिली." ती म्हणाली. "दांडी राहिली."

तो मटकन पुन्हा खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मोठ्यानं श्वास सोडला, आणि मग तिच्याकडे बघून लहान पोरासारखा हसला. ती त्याच्या शेजारी बसली. अगदी खेटून नाही, मध्ये ओढणीपुरतं अंतर ठेवून.

"तुम्ही शुद्ध वेडे आहात," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर असं सांगतात? मी जीव मुठीत धरून बोलले तिथं. तुम्ही नव्हता, म्हणून."

"मी म्हटलं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोलाल."

"आणि काशीमावशीनं उरलीसुरली अब्रू घालवली माझी."

"काय म्हणाल्या?"

"नाही सांगणार."

त्यानं आवाज साफ केला. "मी माझं जाहीर केलं. तुमचं… राहिलं."

"समन्वयकाला विचारत नाहीत."

"मी विचारतोय." त्याची थट्टा कुठल्या कुठं गेली होती. कान पुन्हा लाल झाले होते, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की उत्तर 'नाही' आलं तर तेही नीट ऐकून घेईल, आणि मग कोसळेल. "राऊत मॅडम… काही हितसंबंध?"

रूपलनं वाऱ्यानं उडालेली बट कानामागे सारली. इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं 'तुम्ही-आम्ही' एका क्षणात कुठं गेलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आहे रे," ती म्हणाली. "आहे."